सीमेवर थांबलेला टँकर

“मॅडम, तुमचा टँकर फुसफुसतोय. मी तो नेपाळमध्ये घेणार नाही.”

पौडेलसाहेब फोनवर हिंदीत, अगदी शांतपणे बोलत होते. ते सीमेपलीकडच्या नाक्यावरचे कस्टम्स अधिकारी. मी इकडे पुण्यात, वाघोलीच्या पुढे आमच्या कारखान्यात, सर्व्हिस विभागाची प्रमुख. द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणारे टँकर आम्ही बनवतो. त्यातला एक भरून नेपाळमधल्या एका कारखान्याकडे निघाला होता. त्या नाक्यावरून असा माल पहिल्यांदाच जात होता.

हा वायू उणे एकशे साठ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला की त्याचा द्रव होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. टँकरची टाकी म्हणजे एक मोठा थर्मास. पण थर्मास कितीही चांगला असला तरी बाहेरची ऊब हळूहळू आत शिरतेच. थोडा द्रव उकळतो, दाब वाढतो. दाब जितका काळ मर्यादेत राहतो, त्याला आम्ही होल्ड टाइम म्हणतो. त्यानंतर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, थोडा वायू सोडतो आणि पुन्हा बंद होतो. कुकरच्या शिट्टीसारखं.

या मालाचं नाव पलीकडच्या कार्यालयाला नवीन होतं. वरून खुलासा येईपर्यंत टँकर भारताच्या बाजूच्या यार्डात उभा राहिला आणि होल्ड टाइम संपला. दुपारी व्हॉल्व्ह उघडला. पांढरे लोट आले, लोक पळाले, चहावाल्यांनी स्टोव्ह विझवले. ते त्यांनी फार बरं केलं. पांढरं दिसतं ते हवेतलं बाष्प, पण बाहेर पडणारा वायू पेट घेतो. संध्याकाळी वाघोलीच्या चौकात गाड्यांची जी गर्दी होते, तशा गर्दीत तो टँकर उभा आहे, एवढं डोळ्यांसमोर आलं. व्हॉल्व्ह तासाभरात पुन्हा उघडणार होता.

उपाय साधा होता. टँकर मोकळ्या जागी न्यायचा, माणसं लांब ठेवायची आणि ड्रायव्हरने हाताने सावकाश वायू सोडून दाब उतरवायचा. आमचे ड्रायव्हर गुरमीतजी यात तरबेज होते. पण मोकळं मैदान होतं गेटच्या पलीकडे, नेपाळात. आपल्या बाजूचे अधिकारी सिन्हासाहेब म्हणाले, पलीकडे गाडी स्वीकारल्याशिवाय मला गेट उघडता येत नाही. पौडेलसाहेब म्हणाले, फुसफुसणारी गाडी मला स्वीकारता येत नाही. नियमाने दोघेही बरोबर होते.

मी माझे वरिष्ठ आपटेसाहेब यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“मेश्राम मॅडम, आपण टाक्या बनवतो. परराष्ट्र खातं दिल्लीला आहे.”

म्हणजे काय ते मीच बघायचं. मी पौडेलसाहेबांना पुन्हा फोन लावला.

“सिन्हासाहेबांचं ऑफिस तुमच्यापासून किती लांब आहे?”

“खिडकीतून दिसतं.”

“त्यांच्याशी बोललात का?”

“ते तुमच्याशी बोलतायत ना.”

एकमेकांना दिसणारी दोन ऑफिसं पुण्यामार्फत बोलत होती. मी दोघांनाही एकाच कॉलवर घेतलं आणि दाब कसा वाढतो, कसा उतरवायचा ते समजावलं. पौडेलसाहेबांनी एकच गोष्ट विचारली.

“काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“टाकीची माझी. व्हॉल्व्ह मी स्वतः तपासून पाठवलाय.”

मग सिन्हासाहेब म्हणाले, मी टँकरबरोबर चालत येतो, कागद पूर्ण होईपर्यंत गाडी माझ्याच ताब्यात आहे असं धरा. पौडेलसाहेबांनी माणसं पाठवून मैदान मोकळं करून घेतलं. गेट उघडलं.

त्यानंतर आम्हाला तिकडचं काही कळेना. वायू सोडताना जवळ मोबाइल चालू ठेवायचा नाही, हा आमचाच नियम. आपटेसाहेब माझ्या टेबलापाशी उगाच उभे राहिले. मी व्हॉल्व्हच्या तपासणीचे, कॅलिब्रेशनचे कागद चाळत होते, पण वाचत काहीच नव्हते. अंधार पडायच्या सुमारास गुरमीतजींचा फोन आला. दाब उतरला होता. दोन्ही साहेब कुठे आहेत, असं मी विचारलं. लांब बाकावर बसून चहा घेतायत, म्हणाले.

खुलासा दुसऱ्या दिवशी आला आणि टँकर कारखान्यापर्यंत सुखरूप पोचला. पुढे त्या रस्त्याने आमचे टँकर नियमित जायला लागले. टँकर नाक्यावर पोचण्याआधी सिन्हासाहेब पलीकडे फोन करतात आणि तो सरळ मैदानात जाऊन उभा राहतो.

मॅन्युअलच्या नव्या आवृत्तीत मी व्हॉल्व्हच्या सूचनांच्या आधी एक ओळ घातली: दोन्ही नाक्यांच्या अधिकाऱ्यांनी गाडी येण्यापूर्वी एकमेकांशी बोलून घ्यावे. आपटेसाहेबांनी ती वाचली आणि विचारलं, हे इंजिनिअरिंगमध्ये कुठे बसतं? मी म्हटलं, बसत नाही, पण होल्ड टाइम यानेच सगळ्यात जास्त वाढतो. त्यांनी ओळ ठेवली. फक्त ‘एकमेकांशी’ या शब्दाखाली रेघ मारली.