अक्कांचं फडकं

आमच्या घरातला एकही नळ अक्कांनी कधी उघड्या तोंडाचा ठेवला नाही. प्रत्येकाला जुन्या लुगड्याचं फडकं आणि वर सुतळीची गाठ. सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणारं पाणी आधी गढूळच येतं, त्यामुळे फडकी घरोघरी असतात. पण आमच्याकडे फिल्टर बसला तरी अक्कांची फडकी हटली नाहीत. "पाणी काय बी घिऊन येतंय, सांगता येत न्हाय," म्हणायच्या.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची मुलंही त्यांना अक्काच म्हणत. केमसारख्या लहानशा गावात, रेल्वेच्या गँगमध्ये रुळांचं काम करणाऱ्या नवऱ्याची रोज वाट बघण्यात त्यांचं तरुणपण गेलं, आणि तिथूनच काळजी त्यांच्या अंगात मुरली असावी. "बघितलंस का नीट?" हा त्यांचा दिवसातला पहिला आणि शेवटचा प्रश्न. कुठं बाहेर निघालो की गॅस बंद आहे का, ते त्या मला विचारत, मी ह्यांना विचारी, आणि हे कुणालाच उत्तर देत नसत. खरं सांगायचं तर काळजीच्या बाबतीत मी त्यांची सून कमी आणि शिष्या जास्त होते.

मग ह्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. हात हळूहळू वळू लागला, पाय मात्र लाकडासारखा. चिमटा काढला तरी कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्यात बसवून व्यायाम करून घ्या, थंडीत पाय आखडू देऊ नका, आखडला की सोडवणं कठीण. माझ्या दिरांनी पुण्याहून गरम पाण्याचा टब पाठवला. ज्या गावात लोक वर्षातले आठ महिने गार पाणी शोधतात, तिथं आमच्या व्हरांड्यात पाणी गरम ठेवणारं यंत्र आलं. गल्लीतली माणसं बघून गेली. अक्का मात्र टबाभोवती फिरून म्हणाल्या, "ह्येच्यात वीज आन् पाणी एकाच जागी? बघितलंस का नीट?"

पहिले काही दिवस बरे गेले. मग एका सकाळी पाणी गार. बटण लावलं, पंप घुमला, पण तापमानाचा आकडा जागचा हलेना आणि लाल दिवा लुकलुकत राहिला. नव्या पेठेतून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं वायरिंग तपासलं, व्होल्टेज बघितलं, "लाइन ओके हाय, मशीनचं मला म्हाईत न्हाय," म्हणून गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. टब रिकामा करून बघावा तर पुन्हा भरायला नळ यायला हवा. ऐन थंडी. तिसऱ्या दिवशी ह्यांचा गुडघा दुमडताना मला जोर लावावा लागला. पाय कायमचा लाकडाचा होणार आणि मी आकड्याकडे बघत बसणार, असं वाटून मला रडू यायला लागलं. अक्का सारख्या देवासमोर जाऊन येत होत्या.

शेवटी कंपनीचा माणूस फोनवर सापडला. तो म्हणाला, आत पाणी नीट फिरलं नाही तर हीटर आपोआप बंद होतो, टबाचा फिल्टर तुंबला असेल. फिल्टर काढला, तर तो पहिल्या दिवसासारखा पांढराशुभ्र. "मग टबाच्या तळाशी पाणी खेचणारी जाळी आहे, तिथं हात घाला." मी खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना जाळी लागलीच नाही, लागलं ते मऊ, बुळबुळीत काहीतरी, आणि त्यावर ओळखीची सुतळीची गाठ.

गाठ सोडून मी ते वर काढलं. पांढरट लुगड्याचा चौकोन, गाळानं भरलेला. मी संतापलेच. "अक्का, हा काय नळ होता?"

अक्का भिंतीला धरून उभ्या होत्या. "गाळासाठी न्हाय बांधलं गं," त्या म्हणाल्या. "ते भोक पाणी वडतंय. मी हात लावून बघितला की. त्येच्या पायाला काय कळत न्हाय. पाय वडून घेतला तर वरडायचा बी न्हाय त्यो."

मी सगळं तपासलं होतं, हे एवढं नव्हतं बघितलं. कंपनीच्या माणसानं जाळीत पाय अडकत नाही म्हणून परोपरीनं समजावलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं. पर पाय मी धरनार."

संध्याकाळपर्यंत पाणी तापलं. तेव्हापासून रोज टबाशेजारी स्टुलावर बसून, कोपरापर्यंत हात पाण्यात घालून, अक्का लेकाचा डावा पाय धरून ठेवत. कंबर दुखायची, पण जागा सोडत नसत. हे वैतागत, "अक्का, मी काय लहान आहे का?" त्या पकड आणखी घट्ट करत.

थंडी सरत आली असताना एकदा हे व्यायाम करता करता म्हणाले, "अक्का, नख टोचतंय."

अक्का हलल्या नाहीत. "कुटं?"

"घोट्याला."

"कंच्या?"

"डाव्या," हे म्हणाले, आणि मग त्यांचं त्यांनाच कळलं. पंप तेवढा चालू होता. मी डोळे पुसले आणि उगीचच नेलकटर आणून दिला. अक्कांनी घेतला नाही. "ऱ्हाऊ दे की एवढं नख," म्हणाल्या. पुढं रोज पाण्यात उजव्या हाताच्या अंगठ्याचं ते नख हळूच रुतवायच्या आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. शेवटच्या आजारपणात मी त्यांची नखं काढायला बसले होते. हे काठी टेकत चालत आले आणि पायथ्याशी त्यांचे पाय हातात घेऊन बसले. अक्कांनी सगळी नखं काढू दिली, उजव्या अंगठ्याचं तेवढं मुठीत झाकून ठेवलं.