चंपतरावाचे नऊ पत्ते

वांकिडीच्या बाजारात चंपतराव माह्या भाजीच्या दुकानाशेजारी बसे. लोक त्याले पंडित म्हणत. मी, रेणुकाबाई भाजीवाली, त्याले ऐतखाऊ म्हणत होती.

खेळायच्या पत्त्यांवर तो भविष्य सांगे. पोत्यावर नऊ पत्ते, तीन ओळीत. वरची ओळ झालेल्याची, मधली चालूची, खालची व्हायची. लाल पत्ता चांगला, काळा वाईट, उलटा पडला का अर्थही उलटा. आता पत्त्यातल्या राजाले दोन्हीकडून डोकं. तो उलटा पडला हे याले समजे कसं? इचारलं तर म्हणे, "त्याले नजर लागते, बाई." डोंबलाची नजर. निजामाचं राज्य गेलं तवा म्हणे राजा उलटा पडला होता. हे सांगतलं ते राज्य गेल्यावर, आंधी नाही. पुढं राज्यांची वाटणी निघाली, तवा तोच राजा सुलटा पडला, न वांकिडी मुंबई राज्यात जाणार असं यानं छातीठोक सांगतलं. शेजारचा राजुरा मुंबई राज्यात गेला, आमी इकडंच राह्यलो. याचं दुकान चालूच.

माहा जीव जळे तो मथुराबाईपायी. रझाकारीच्या धामधुमीत तिचा नवरा महिपत कापसाची गाडी घेऊन आदिलाबादले गेला. ना माणूस आला, ना खबर. राज्य बदललं, फौज आली न गेली, तरी नाही. धोंडीबा म्हणून एक सालस विधुर तिच्याशी पाट लावायले तयार होता. तिलेही तो पसंत होता. पण नवरा जिता असला तर? म्हणून ती चंपतरावापुढं बसली. तो म्हणला, "इस्पिकचा एक्का म्हणजे मरण. वरच्या ओळीत तो आला का समजून जा. तवर वाट पाय."

बिचारी दर बाजाराले येई. नवऱ्याचं नाव घेत नव्हती, निस्तं म्हणे, "येतीन काय?"

"येतीन. मरण दिसून नाही राह्यलं," हा पोपटासारखा बोले.

धोंडीबानं लय वाट पायली. शेवटी राजुऱ्याकडची बायको केली न तिकडंच राहाले गेला.

त्याच्यानंतर एका बाजारी वावटळ आली न पत्ते माह्या वांग्यात उडाले. मी न मथुराबाईनं वेचले. माणसाची वस्तू नीट करून द्यावी म्हणून ती ते रंगारंगानं लावू लागली. इस्पिकची रांग दुरीपासून सुरू झाली. तिनं पोतं झटकलं, माह्या टोपल्या उपसल्या. एक्का नव्हताच.

"चंपतराव, एक्का कुठं आहे?"

त्यानं मान खाली घातली. "काढून टाकला. एका म्हातारीले तिच्या पोराचं मरण सांगतलं, ती लय रडली. तवापासून माह्यानं होत नाही."

"कवा काढला?"

"निजाम गेला त्या साली."

म्हणजे तिले अट घातली तवाच एक्का नव्हता. मी त्याले तोंडाले येईन ते बोलली. म्हणे दया केली. अशी दया करणाऱ्याले जोड्यानं हाणावं. तो पत्ते गोळा करत बसला.

मथुराबाई त्याच्यावर ओरडलीही नाही. "तुमच्यापाशी मरण नव्हतंच," ती म्हणली, "न मी आठ वर्सं तेच पाहाले येऊन राह्यली होती. तवाच सांगतलं असतं तर रडून मोकळी झाली असती."

मग तिनं पदरानं कुंकू पुसलं, न तवाचं ते सारं रडणं त्या भर बाजारात रडली.