नळावरची किल्ली

शाळेत घंटा देणाऱ्या मावशी म्हणजे मोठ्या धीराची बाई. दांडगट पोरं त्यांच्या एका नजरेत गार व्हायची. पण घरातल्या कपडे धुण्याच्या मशीनला मात्र त्या टरकून असत.

कारणही तसंच होतं. एकदा मशीन लावून त्या बाजारात गेल्या आणि मागे नळावरून पाइप निसटला. खालच्या घरात बाइंडर राहतो, जुनी पुस्तकं शिवून देणारा. छतातून पाणी गळलं ते नेमकं त्याच्या कागदांवर. पण माणूस एक शब्द बोलला नाही हो! पानं एकेक सुटी करून दोरीवर वाळत घालत बसला. चार शिव्या हासडल्या असत्या, तर मावशी सुटल्या असत्या. ती दोरी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

मग त्यांनी युक्ती काढली. घराची किल्ली मशीनच्या नळाला अडकवायची. बाहेर पडायचं तर किल्ली हवी, म्हणजे नळापाशी जाणं आलंच. नळ बंद करायचा, पाइपवरून हात फिरवायचा, मगच घर सोडायचं.

सून हसायची. "आई, नळ काय पळून जातोय?"

"नळ नाही गं बाई, पाणी पळतं!"

एके सकाळी घरातले सगळे आधीच कामाला गेले होते. मावशीही धुणं उरकून घाईत निघाल्या. जिन्यात बाइंडर भेटला. "मावशी, अख्खं वाचनालय आलंय शिवायला. पाय ठेवायला जागा नाही!"

बसमध्ये तिकिटासाठी पिशवीत हात घातला, तर हाताला किल्ली लागली. चकचकीत, नवीकोरी. जुनी गंजली म्हणून लेकाने कौतुकाने करून आणलेली! मावशींनी ती उलटसुलट करून पाहिली. हिनेच कुलूप लावलं की आपण! म्हणजे नळापाशी गेलोच नाही. मशीन थांबलं तरी पाण्याचा जोर पाइपवर तसाच असणार.

"थांबवा हो, उतरायचंय!"

"मावशी, आत्ताच तर चढलात," कंडक्टर म्हणाला.

"मग आत्ताच उतरते!"

मावशी धावतच जिना चढू लागल्या. बाइंडरच्या दाराआडून टक, टक, टक. त्या थबकल्या. छत गळतंय? दाराला कान लावला. नाही, हातोडी होती ती.

घरात शिरल्या. फरशी कोरडी. पण नळालगत पाइप बेडकाच्या गळ्यासारखा टम्म फुगला होता. हात लावावा तर फुटायचा, न लावावा तरी फुटायचा. मावशींनी श्वास रोखून नळ हळूहळू फिरवला. फुगा ओसरला. त्या तिथेच फतकल मारून बसल्या.

त्या दिवशी शाळेची घंटा उशिरा झाली, आणि पोरांना कोण आनंद!

संध्याकाळी लेकाने नवा पाइप बसवला. मावशींनी जुनी किल्ली पुन्हा नळाला अडकवली.

"आणि ही नवी?" त्याने विचारलं.

"ही तर आधी अडकव!"