वसुधा माने, मेकॅनिकल

सिंगापूरच्या पॉलिटेक्निकच्या पहिल्याच दिवशी वर्गात शिरले, तर पहिल्या बाकावर एक मराठी बाई बसलेल्या. सुती कुडता, वर बांधलेले केस, समोर कोरी वही. मला वाटलं, शिकवायला आल्या असतील. माझ्या मागून आलेल्या मुलाला वाटलं, कुणाची तरी आई असेल. तो इथल्या बोलीत अदबीने म्हणाला, "आंटी, राँग क्लास लाह. पेरेंट्स खाली हॉलमध्ये."

बाईंनी मान वर केली. "मेकॅनिकल ना हे? मग बरोबर आलेय. आणि आंटी घरी. इथे वसुधा."

तेव्हापासून सगळा वर्ग त्यांना वसुधा म्हणू लागला. माझ्या तोंडून मात्र ते कधी निघालं नाही. मी मावशीच म्हणत राहिले.

त्या बुकित पंजांगला राहायच्या. त्यांचे यजमान दिलीपकाका बँकेत, मुलगा आमच्याहून थोडा मोठा आणि नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत. मावशी मूळच्या इचलकरंजीच्या. वडिलांचं यंत्रमागाचे सुटे भाग बनवायचं छोटं वर्कशॉप होतं आणि मावशींचं अर्धं बालपण तिथेच गेलं. बारावीनंतर इंजिनिअरिंगचं नाव काढलं, तर घरच्यांनी बी.कॉम.ला घातलं. "वडील म्हणाले, मुलीच्या हाताला ग्रीस शोभत नाही," त्या सांगायच्या. "वडील गेले. ग्रीसची हौस काही गेली नाही." इथल्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला बी.कॉम.चा उपयोग नव्हता. म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी त्या डिप्लोमापासून सुरुवात करायला आल्या होत्या.

सिंगापुरात दहावीला चांगले मार्क मिळाले की मुलं ज्युनिअर कॉलेजला, म्हणजे जेसीला जातात आणि तिथून युनिव्हर्सिटीला. माझ्यासारखी उरलेली पॉलीत. पॉलीतून युनिव्हर्सिटीत जाता येतं, पण सगळ्यांना नाही. आमच्या मराठी मंडळींत तर पॉलीचा उच्चार एखाद्या आजारासारखा हळू आवाजात व्हायचा. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी आईला विचारलं, "सानिका कुठल्या जेसीत?" आई पुटपुटली, "ती जरा वेगळ्या कोर्सला आहे." पलीकडे मोदक वाढणाऱ्या मावशी तिथूनच म्हणाल्या, "पॉलीत आहे. माझ्या वर्गात. लेथवर हात छान बसलाय तिचा."

"मग पुढे युनिव्हर्सिटी अवघडच, नाही का?" त्या बाईंनी हळहळत विचारलं.

"अवघड आहे. बंद नाहीये," मावशी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात आणखी एक मोदक ठेवला.

दुसऱ्या वर्षाला असताना बाबांनी मला पुण्याला पाठवायचं ठरवलं. तिथल्या एका खासगी कॉलेजात त्यांनी बोलणंही करून ठेवलं होतं. मी मावशींपाशी रडले. रविवारी दुपारी त्या न सांगता आमच्या टॅम्पिनीसच्या घरी हजर.

"भाऊजी, हिला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं, वहिनी? पॉलीच्या मुलांना युनिव्हर्सिटी नाही म्हणते. उगाच वर्षं वाया जातील."

"नाही म्हणायचं काम युनिव्हर्सिटीचं. ते तुम्ही घरबसल्या कशाला करताय?"

बाबांनी पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांसमोर मोठ्याने म्हणाले, "मी जाणार नाही."

मी गेले नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही दोघींनी युनिव्हर्सिटीला अर्ज केला. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी मावशींना विचारलं, "डिग्री हातात येईल तेव्हा तुम्ही पन्नाशीच्या असाल. तुम्हाला नोकरीवर कोण घेणार?"

"सर, तुम्ही माझ्याहून मोठे दिसता. तुम्हाला घेतलंय ना?"

नंतर मावशींकडून हे ऐकून मी कपाळावर हात मारला. मला प्रवेश मिळाला, त्यांना नाही. कळलं तेव्हा आम्ही हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, कॉफी घेत होतो. मावशी चारचौघांत, तोंड न झाकता रडल्या. मग त्यांनी कुडत्याच्या बाहीने डोळे पुसले. "पुढच्या वर्षीचे अर्ज कधी निघतात, बघ गं."

मधल्या वर्षात त्या तुआस भागातल्या एका पंपांच्या कारखान्यात टेक्निशियन म्हणून लागल्या. पुढच्या मुलाखतीला टेबलापलीकडे तेच प्राध्यापक.

"पुन्हा आलात?"

"तुम्ही पुन्हा नाही म्हणालात, तर पुन्हा येईन."

या वेळी त्यांना घेतलं, आणि डिप्लोमा धरून थेट दुसऱ्या वर्षात.

त्यांच्या शेवटच्या वर्षी काकांची मुंबईला बदली झाली. मावशी आता सामान बांधणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं. सामान त्यांनी बांधलं, पण यिशुनला एक खोली भाड्याने घेऊन तिथे नेलं. काका एकटे गेले आणि कित्येक महिने फोनवर हो-नाहीपलीकडे बोलले नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. रोज वाटतं." त्या भाजी चिरत होत्या, सुरी थांबली नाही. "त्यांची बदली झाली तर मी मागून जायचं. माझं कॉलेज संपेपर्यंत कुणी बदली पुढे ढकलून मागितली होती का?"

पदवीदान समारंभाला काका आले. मावशींचं नाव पुकारल्यावर सभागृहात सगळ्यांच्या आधी तेच उभे राहिले. बाहेर आल्यावर मावशींनी त्यांना एवढंच विचारलं, "जेवलात का?"

ठाण्याजवळच्या एका कारखान्याने त्यांना डिझाइन विभागात घेतलं. निरोपाला आम्ही सगळे चांगी विमानतळावर गेलो. बाबा हट्टाने त्यांची बॅग उचलून चालत होते. तपासणीच्या दाराशी थांबून ते मनापासून म्हणाले, "वहिनी, खूप केलंत. आता जरा आराम करा."

"आराम? भाऊजी, सोमवारी मला जॉईन व्हायचंय," मावशी म्हणाल्या, आणि त्यांच्या हातातली बॅग काढून घेतली.