रिकाम्या डब्याचं भाडं

लाकूडआत्याला हळू बोलता येत नसे. तिने कुणाच्या कानाशी लागून काही सांगितलं, तरी ते पाण्याच्या टाकीपाशी उभ्या असलेल्या गाडीवानाला ऐकू जायचं आणि तो तिथूनच उत्तर द्यायचा. तिचा आवाज आला की आमच्या मालधक्क्यावर विसावलेले बैलसुद्धा उठून उभे राहत. अमरावतीकडच्या त्या लहानशा स्टेशनात मी मालबाबू म्हणून रुजू झालो, तेव्हा तिला पाहण्याआधी आठवडाभर मी तिला नुसती ऐकतच होतो.

ती माळ्याच्या घरातली. नवरा वांगी-मिरचीचा मळा करायचा आणि जोडीला मेळघाटातून सागवान आणून विकायचा. तो गेल्यावर दिरांनी मळा ठेवून घेतला आणि लाकडाची वखार तिच्या गळ्यात घातली. बाईमाणूस काय लाकूड विकणार, असा त्यांचा हिशेब. पण दूर अमेरिकेत लढाई पेटली, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले आणि ज्याला त्याला गोदाम बांधायचं होतं, माडी चढवायची होती. पुढे भाव उतरले, तरी रेल्वे आली होती आणि अकोल्याला कापूस दाबायचे प्रेस उभे राहत होते. त्या सगळ्यांना सागवान लागे. आत्याच्या गाड्या डोंगरातून रांगेने उतरत आणि पुढच्या गाडीवर ती स्वतः बसलेली असे.

आमची पहिली भेट अजून आठवते. मी पुण्याकडचा. वडीलधाऱ्यांचं नाव घेताना आवाज खाली आणणाऱ्या घरातला. मी भाडं सांगितलं आणि ती म्हणाली, "कावून रे बाबू, हे लाकूड तुया बापानं लावलं होतं काय, इतकं भाडं मांगून राह्यला?"  त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाई वांग्यांची टोपली घेऊन दारात उभी. म्हणाली, "खाय. लय वाळला तू. तुले रागावली नोती मी, कंपनीले रागावली होती."

कंपनीवरचा तिचा राग मोजणीपासून सुरू व्हायचा. आमच्या स्टेशनात ओंडका तोलता येईल एवढा काटा नव्हता. म्हणून ओंडक्याचा घेर दोरीने मोजायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि मग लांबीने गुणायचं. जे माप येईल त्यावरून वजन धरायचं आणि वजन व अंतर पाहून भाडं लावायचं. घेर मधोमध घ्यायचा असा नियम. आत्याला तो शेंड्याकडे घ्यायचा असे.

"आत्या, शेंड्याला मोजलं तर कंपनी बुडेल," मी म्हणालो.

"बुडू दे. तिले पोहता येते."

आणि ती अशी हसली की स्टेशनमास्तर खोलीतून बाहेर आले. हळूहळू तिने मोजणी मान्य केली. मनातून नव्हे, माझ्यावर माया बसली म्हणून. पण एक गोष्ट तिने कधीच मान्य केली नाही. तुळई डब्याहून लांब असली की तिचं टोक बाहेर लोंबतं. त्या टोकाखाली एक रिकामा डबा जोडावा लागे. त्यात काही भरायचं नाही, पण गाडीत तो जागा अडवतो, म्हणून त्याचंही भाडं घ्यायचं.

"आमच्या खाचराचं लाकूड मांगं लोंबते," ती बैलगाडीकडे बोट दाखवून म्हणे, "तं आमी मांगून रिकामं खाचर घेऊन फिरतो काय? हवा वाहून नेता तुमी, अन् पैसे माह्यापासून घेता."

मी पुस्तकातला नियम सांगायचो. कारण मलाही तेवढंच ठाऊक होतं.

मग अकोल्याच्या एका प्रेसवाल्याची मागणी आली. प्रेसची मुख्य तुळई, सबंध, एकाच झाडाची. आत्याने ते झाड स्वतः डोंगरात जाऊन निवडलं. तुळई स्टेशनात आली तेव्हा गावातली माणसं पाहायला लोटली. आत्या या खेपेला माझ्याकडे आलीच नाही. ती थेट स्टेशनमास्तरांकडे गेली आणि सकाळभर त्यांच्या डोक्यावर बसली. हा डबा गाडीच्या अगदी शेवटी लावा, टोक मागे मोकळ्यात राहील, मग रिकामा डबा कशाला, असं तिचं म्हणणं. मी मास्तरांना नियमाची आठवण करून दिली. ते कंटाळले होते. "शेवटचाच डबा आहे. मागून कोण येतंय?" म्हणाले आणि टोकाला लाल फडकं बांधायला सांगितलं.

गाडी सुटली. आत्याने धक्क्यावरच्या प्रत्येकाच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले. माझ्या हातावर जरा जास्तच.

दुपारी तार आली. वाटेतल्या एका स्टेशनात कापसाच्या गाठींचे डबे आमच्या गाडीला मागून जोडायचे होते. डबे जोडणारा गुलाब नावाचा माणूस कडी हातात घेऊन मध्ये उभा राहिला. त्याचं लक्ष कडीकडे होतं. डबे मागून सरकत आले आणि एरवी दोन डब्यांत माणसापुरती जी जागा राहते, ती तुळईने अडवली होती; तिचं टोक त्याच्या छातीशी होतं. डबे थांबेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तार वाचली आणि ती पुन्हा वाचली. अक्षरं तीच होती.  आत्या अजून धक्क्यावर गाडीवानांशी बोलत बसली होती. मी जाऊन तिला सांगितलं.  ती काहीतरी म्हणाली आणि मला खाली वाकावं लागलं, कारण ऐकूच आलं नाही.

"मेला?" ती विचारत होती.

मी मान हलवली. तिने गूळ लागलेले हात लुगड्याला पुसले, परत पुसले, पुसतच राहिली.

चौकशीला साहेब आला. कागद आधीच तयार झाला होता. गुलाब चुकीच्या जागी उभा राहिला, दोष त्याचा. आमच्या मास्तरांनी तुळईबद्दल जेमतेम एक ओळ सांगितली. साहेब उठणार तोच आत्या आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"तो बराबर जागी उभा होता," ती म्हणाली. "त्याची जागा तिथंच असते. लाकूड माहं होतं. रिकामा डबा नोको म्हनून मी मास्तरच्या मांगं लागली होती. हे लिवून घ्या."

साहेबाने दुभाष्यामार्फत विचारलं, हे सांगितल्याने आपलं नुकसान होईल हे बाईंना कळतं का?

"कळते. म्हनून तं कोनी सांगून नाही राह्यलं."

 मास्तर तिच्याकडे असे पाहत होते, की जणू तिने त्यांच्या पोटात सुरी खुपसली. त्यांची नोकरी गेली. गुलाबवरचा ठपका निघाला आणि त्याच्या बायकोला कंपनीकडून थोडी मदत मिळाली. आत्याचा माल कंपनीने कितीतरी दिवस घेतला नाही. अकोल्याच्या प्रेसवाल्याने रक्त लागलेली तुळई उतरवूनच घेतली नाही. तिच्या गाड्या पुन्हा धुळीच्या रस्त्याने अकोल्याला चालत जाऊ लागल्या.

गुलाबची बायको सीता, तो जिथे गेला त्याच स्टेशनाजवळ राहायची. आत्या ज्वारीचं पोतं घेऊन तिच्या घरी गेली, तेव्हा मी बरोबर होतो. सीतेने पोतं दारातच उलटं केलं आणि दार लावलं. आत्या खाली बसली, सांडलेली ज्वारी सगळी गोळा केली, पोतं भिंतीशी टेकवून ठेवलं आणि आम्ही परत आलो.  पुढेही ती जात राहिली. पोतं दाराशी ठेवायची आणि निघायची. बऱ्याच दिवसांनी एकदा दार उघडलं. मग केव्हातरी सीता आमच्या गावात राहायला आली आणि वखारीत कामाला यायला लागली. दोघी दिवसभर एकाच आवारात असत आणि कामापुरतं बोलत. आत्याचा आवाज आता आवाराबाहेर जात नसे. गाडीवान म्हणायचे, आत्या म्हातारी झाली. तसं तिचं वय नव्हतं.

माझी बदली चांदूरला झाली. आत्या पोचवायला आली. "जाय," म्हणाली, "अन् टायमावर जेवत जाजो." गाडी हलली तरी ती जागची हलली नाही.

ती गेल्याचं मला फार उशिरा कळलं. मी मुद्दाम रजा घेऊन वखारीत गेलो. सीता होती. केस पिकायला लागले होते. तिने मला पाणी दिलं. माझ्या मनात कितीतरी वर्षं जे होतं ते मी विचारलं, "आत्यानं कधी तुमच्याकडे माफी मागितली?"

"नाही."

"मागितली असती तर?"

"देल्ली नसती," सीता म्हणाली. तिने माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला. "माहा मानूस गेला, बाबू. ते कसं माफ करू?"

ती आत जायला वळली आणि उंबऱ्यात थांबली.

"पन आत्या गेली त्या दिवशी माह्या घरी चूल पेटली नाही."