बाबूजींचं उताराचं इंग्रजी

जगात काय काय बिघडत चाललं आहे हे इंग्रजीत सांगण्यात आमच्या बाबूजींचा हात धरणारा माणूस चांदा जिल्ह्यात झाला नाही, आणि आता होईल असंही मला वाटत नाही. मराठीत कुरकुर करणारे आमच्याकडे ढिगाने आहेत. मी स्वतः त्यातलाच. पण सागाच्या ओंडक्यापासून घरच्या वरणापर्यंत प्रत्येक वस्तू घसरणीच्या नेमक्या कोणत्या पायरीवर आहे हे ठरवावं, आणि त्या पायरीचा इंग्रजी शब्द कोर्टाच्या निकालासारखा सुनवावा, हे काम त्यांचंच.

ते तिकडे आलापल्लीच्या बाजूला जंगलखात्याच्या लाकडाच्या डेपोत कारकून होते. वरचा साहेब इंग्रज. साहेब रोज ओंडके पाहत फिरायचा आणि बाबूजी वही घेऊन मागे. साहेब जे बोलेल ते लिहायचं. ओंडका चांगला असला तर साहेब काही न बोलता पुढे जायचा. बिघडलेला दिसला की तोंड उघडायचा. अशी वीस-बावीस वर्षं गेली. स्वराज्य आलं, साहेब गेला, बाबूजी पेन्शन घेऊन आमच्या गावात, गडचिरोलीत, येऊन राहिले, आणि सोबत जे इंग्रजी घेऊन आले त्यात वाईटाला खंडीभर शब्द होते आणि चांगल्याला एकही नव्हता.

"बाबूजी, चांगल्याले काय म्हनते इंग्रजीत?" मी एकदा विचारलं.

"काई म्हनत नाई भाऊ. चांगलं असलं का साहेब चूप राहे."

त्यांच्या हातात कायम बेलाची काठी. तिनं ओंडका ठोकून, कान लावून, आत पोकळ आहे की भरीव हे ते सांगत, आणि त्यात कधी चुकत नसत. पण ती सवय त्यांनी ओंडक्यापुरती ठेवली नाही. कोहळा ठोकत, दाराची चौकट ठोकत, दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेले तर बसण्याआधी बाजेचा खूर ठोकत. "डिके," म्हणजे कुजलं, म्हणत आणि उभेच राहत. यजमानाचं तोंड पाहण्यासारखं होई. एकदा भजनी मंडळाचा ताल चुकला तेव्हा त्यांनी भर देवळात जाहीर केलं, "गोइंग टु द डॉग्ज!" कोणीतरी अर्थ विचारला. बाबूजींनी प्रामाणिकपणे सांगितला, "कुत्र्याईकडं चाल्लं." मृदंगवाल्यानं मृदंग खाली ठेवला. "आमी कुत्रे हावो काय?" तो जो उठून गेला तो दोन महिने आला नाही, आणि भजन बंद पडलं. बाबूजी मला म्हणाले, "पाह्य भाऊ. साहेबाचा शब्द खोटा नाई होत."

माझं आणि त्यांचं जमलं ते भांडणावरून. मी आयुष्याची सुरुवात दुसऱ्याच्या बैलगाडीवर केलेला माणूस. पुढे स्वतःच्या चार गाड्या केल्या, त्या माझ्या जिभेच्या जोरावर. मला कोणाचं ऐकून घेण्याची सवय नाही. बाबूजी म्हणाले, गावाचा कारभार डाऊनहिल चालला, म्हणजे उताराला लागला. मी म्हटलं, "मंग तं बरंच झालं की! भरली गाडी उताराले लागली का बैलाले सुख वाटते. तुमच्या साहेबानं कधी गाडी हाकलेली दिसत नाई."

मग त्यांनी 'गॉन टु सीड' काढलं. बियावर गेलं, म्हणजे संपलं.

"अहो, धान बियावर जाते म्हनून तं आपन जेवतो!"

बाबूजींनी थोडा विचार केला. "साहेबाच्या देशात धान होत नसन," म्हणाले, पण शब्द काही मागे घेतला नाही. घासाघीस करून मी भल्याभल्यांना नमवलं; हा एक माणूस एका शब्दानंही खाली आला नाही. त्यासाठीच मी पुन्हापुन्हा जात असे.

आता माझ्या दुखण्याची गोष्ट. त्या साली मला बांबूच्या कूपाचा, म्हणजे तोडीसाठी राखलेल्या जंगलाच्या तुकड्याचा ठेका हवा होता. अर्ज इंग्रजीत केला तर वजन पडेल असं मला वाटलं. बाबूजींना म्हटलं, "असा लिहा का साहेबाले वाटलं पायजे, मानूस दमदार हाय." त्यांनी अख्खी दुपार घालवून अर्ज लिहिला. महिन्याभरानं तो परत आला, आडवा लाल शाईचा एक शब्द घेऊन. मी तो आधी बाबूजींनाच दाखवला.

"डिक्लाइन्ड?" ते कागद उलटासुलटा करत म्हणाले. "पन कागद तं करकरीत हाय. कुठी खराब झाला?"

मी शाळेच्या मास्तरांकडे गेलो. मास्तर नागपूरहून आलेले, शिकलेले. ते म्हणाले, डिक्लाइन्ड म्हणजे नाकारला. मग त्यांनी अर्ज वाचला आणि मिशीवर हात ठेवून मला मराठीत सांगितला. अर्जदाराची स्थिती वाईटाकडून अधिक वाईटाकडे चालली आहे. त्याच्या गाड्या उताराला लागल्या आहेत. कूप न मिळाल्यास तो लवकरच कुत्र्यांकडे जाईल.

मी तसाच बाबूजींच्या दारात गेलो. "मी भिकारी हावो काय? काऊन लिहिलं असं?"

"भाऊ, साहेब लोक वाईटावरच ध्यान देते. चांगल्यावर त्याईची नजर ठरत नाई," ते शांतपणे म्हणाले. हे त्यांना खरंच वाटत होतं. पण माझं डोकं फिरलं होतं. मी नाही नाही ते बोललो, आणि पुढे दोन दिवाळ्या त्या गल्लीत पाय टाकला नाही. डिक्लाइन हा शब्द मात्र पाठ झाला. साऱ्या इंग्रजीतला मला येणारा तो एकच शब्द.

पुढे मी नदीपलीकडे मूल गावी स्वतःचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार, टाकला. पहिल्याच खेपेत एकानं आतून पोकळ ओंडके माझ्या गळ्यात मारले. विकण्यात मी कोणाला हार जात नाही, पण लाकडाच्या पोटातलं मला कळत नाही. त्यासाठी बाबूजी हवे होते. आणि खरं सांगायचं तर त्या दोन वर्षांत माझ्याशी तोडीस तोड भांडणारं कोणी भेटलंच नव्हतं. राग गिळून मी गाडी जुंपली, वैनगंगा ओलांडली. बाबूजी अंगणात उन्हात बाजेवर बसले होते, काठी जवळ. मी म्हटलं, "बाबूजी, झालं गेलं जाऊ द्या. माह्या टालावर चाला. बसून नुसती काठी ठोका."

ते हळूच म्हणाले, "भाऊ, आय अ‍ॅम डिक्लाइनिंग."

बस. अर्जावरची लाल शाई डोळ्यांपुढे आली. "तवा माहा अर्ज, आन् आता मीच डिक्लाइन?" मी ओरडलो. त्यांनी हात वर केला, काही म्हणाले. मी गाडीत बसलो होतो.

चार महिन्यांनी तेच मास्तर, आता मूलच्या शाळेत बदलून आलेले, टालावर चौकटीसाठी लाकूड पाहायला आले. मी त्यांना चढ्या आवाजात सगळी हकीगत सांगितली. ते हसता हसता थांबले. म्हणाले, "भाऊ, या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक नाकारणे. दुसरा खालावणे, खंगत जाणे."

त्या करकरीत कागदाकडे पाहणारे बाबूजी मला आठवले. नाकारण्याचा अर्थ त्यांना माहीतच नव्हता. लाकूड नाकारलं जात नाही, लाकूड खंगतं.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा त्यांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. त्यांच्या घरच्या बाई ओसरीवर बसल्या होत्या.

"तुमी आल्ते तं खुश झाल्ते," त्या म्हणाल्या. "भाऊले पह्यले तब्येतीचं सांगतो म्हने, मंग जातो. तुमी पुरं आयकलंच नाई. मंग धुवट सदरा घालून दोन दिस दारात बसले. मी म्हटलं, येत नाई आता तो. तं म्हने, येईन तो. पह्यल्या नाईवर उठनारा मानूस नाई तो."

खरं होतं ते. पहिल्या नाहीवर मी जन्मात कोणाच्या दारातून उठलो नाही. सौदा तिथून तर सुरू होतो. एवढ्या एकाच दारातून उठलो, आणि तिथं नाही म्हटलंच नव्हतं.

"माह्यावर काई बोलले काय, शेवटी?" मी विचारलं.

"नाई जी. तुमचं नाव काढलं का चूप राहत." बाईंना वाटलं मला लागलं. "राग असन थोडा मनात. तुमी मनावर नका घेऊ."

"नाई बाई," मी म्हटलं. "राग नव्हता तो."

त्यांनी काठी माझ्या हातात दिली. मी ती मांडीवर घेऊन गाडीत बसलो. गावाबाहेरून नदीपर्यंत सगळा उतारच आहे. बैल आपले सुखानं चालले होते.