रॅम बदलली गेली तेव्हा

नाहूरच्या आमच्या घरात टेबल एकच, म्हणून मी डब्याएवढा लहान कॉम्प्युटर घेतला होता. अंधेरीतल्या एका आर्किटेक्ट बाईंसाठी मी घरून इमारतींची थ्रीडी चित्रं करायचे. आठ जीबी रॅमवर ते मशीन रडायचं. रॅम वाढवायची ठरवली तेव्हा दादा म्हणाला, "मी आणतो. तुला काय कळतंय त्यातलं?" दादा आयटीत. मी म्हटलं, माझी मी आणेन.

आठवडाभर वाचलं. असल्या छोट्या मशीनला लॅपटॉपची आखूड रॅम लागते, मोठी बसतच नाही. रॅमच्या दोन्ही पट्ट्या एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या असलेल्या बऱ्या. सोळा-सोळाच्या दोन आणल्या. पेन ड्राइव्हवरून चालणारी, रॅम तपासायची टेस्ट लावली, आधी एकेक पट्टी एकटी, मग दोन्ही मिळून. दोन दिवस त्यात गेले, पण एकही चूक निघाली नाही. दुकानात भांडायची वेळ आलीच तर असावेत म्हणून लेबलांचे फोटोही काढून ठेवले.

तीन महिने झकास चाललं. मग मशीन अधूनमधून आपोआप बंद पडायला लागलं. एका मोठ्या कामाच्या फायली खराब झाल्या. बाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या मशीनची रोजची कटकट आहे. हे काम मी दुसरीकडे दिलंय." मी फोन ठेवून रडले. दादा सोफ्यावरून म्हणाला, "काहीतरी स्वस्तातलं उचललं असशील." मलाही वाटलं, आपलंच चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेस्ट लावली. दहा मिनिटांत स्क्रीन लाल ओळींनी भरला. पट्ट्या वेगवेगळ्या लावून पाहिल्या. एक चांगली, दुसरी खराब. दुकानात न्यायची म्हणून त्या दुसरीचं लेबल फोटोशी जुळवलं, तर जुळेना. सोळाचीच होती, पण कंपनी वेगळी. ती माझी नव्हतीच.

मग आठवलं. मशीन बंद पडायला लागायच्या जरा आधी मी मीटिंगला अंधेरीला गेले होते, त्या दिवशी दादाने माझ्या मशीनची धूळ साफ केली होती. त्याचा सारखा हँग होणारा लॅपटॉपही त्याच आठवड्यात सुधारला होता.

संध्याकाळी तो आल्या आल्या विचारलं, "दादा, माझी रॅम तू घेतलीस?"

त्याने नाही म्हटलं नाही. "अगं, माझं ऑफिसचं काम अडलं होतं. थोड्या दिवसांसाठी घेतली."

"आणि तुझी खराब माझ्यात घातलीस?"

"एवढी खराब असेल असं वाटलं नाही यार."

"काल मी रडत होते. तेव्हा तरी बोलायचंस ना."

तो लॅपटॉप उचलून आत गेला. आई म्हणाली, "घरातल्या घरातच आहे ना गं. सख्ख्या भावाला चोर म्हणतेस?" मी तो शब्द उच्चारलाही नव्हता.

चार दिवसांनी टेबलावर नवी रॅम आली. मी ती बसवली आणि टेस्ट लावली. दादा बघत होता. "सीलबंद आहे. तरी तपासतेस?"

"हो."

दिवसभर टेस्ट चालली. रॅम चांगली निघाली. खरं सांगायचं तर ती नापास व्हावी असंच मला वाटत होतं. गेलेलं काम काही परत आलं नाही. त्या बाई आता माझा फोनही घेत नाहीत. भावाने आणलेल्या वस्तूवर संशय घेतला म्हणून आईने मात्र आठ दिवस माझ्याशी अबोला धरला.